ओसरीवरचा मुलगा दारात मावत नव्हता : घरी केलेल्या साहसखेळाच्या चित्रांचा अनुभव

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत मी संगणकावरचा एक साहसखेळ, म्हणजे चित्रांतून पात्राला चालवत कोडी सोडवण्याचा खेळ, करायला घेतला. आजोळच्या वाड्यात राहायला आलेला दहा वर्षांचा मुलगा पणजोबांच्या पेटीची किल्ली शोधतो, एवढीच त्याची गोष्ट आहे. त्यासाठी ख्रिस जोन्स यांची, १९९७ पासून उपलब्ध असलेली ‘अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ’ ही असे खेळ बनवण्याची मोफत प्रणाली निवडली आणि चित्रांचे माप व्हीजीए या जुन्या संगणकांच्या चित्रपद्धतीच्या काळातले, म्हणजे ३२० बाय २०० पिक्सेल ठरवले. कोडी, संवाद, वस्तू ठेवण्याची पिशवी हे सारे महिनाभरात जमले. ओसरीच्या एकाच चित्राने मात्र पुढचे पाच महिने घेतले, आणि त्यांतले चार मी लोकांना चुकीचा प्रश्न विचारत राहिल्यामुळे गेले.

चित्र पूर्ण झाल्यावर मी ते जवळच्या सगळ्यांना दाखवून ‘कसे वाटते?’ असे विचारले. बहुतेकांनी ‘छान आहे’ म्हटले. एका मित्राने सावल्या वाढवायला सांगितल्या, त्या मी रात्री जागून वाढवल्या. दुसऱ्याला रंग फिके वाटले, म्हणून ते गडद केले. चित्रकलेचे वर्ग घेणाऱ्या एका परिचितांनी तर क्षणभर पाहून ‘खेळासाठी एवढे पुरे आहे’ असा निकाल दिला. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण त्या चित्रातून मुलाला एकदाही चालवून न पाहता ते पुरे आहे की नाही हे ठरवताच येत नाही. साहसखेळातले चित्र भिंतीवर टांगायचे नसते, त्यात पात्राला वावरायचे असते.

अखेर माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने खेळ उघडला, मुलाला पुढच्या पायरीपासून मागच्या दारापर्यंत चालवत नेले आणि विचारले, “मामा, हा आत जाता जाता मोठा का होतोय?”

त्या रात्री मी चित्राची मोठी छापील प्रत टेबलावर पसरली आणि पट्टी घेऊन बसलो. शहाबादी फरशीच्या सांध्यांच्या रेषा मागे वाढवत नेल्या, तेव्हा त्या वरून ११० व्या पिक्सेलवर एकत्र आल्या. छताच्या तुळयांच्या रेषा तशाच वाढवल्या, तर त्या ६० वर मिळाल्या. मागे जाणाऱ्या अशा रेषा जेथे मिळतात, ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीची क्षितिजरेषा; म्हणजे माझ्या एकाच चित्रात दोन क्षितिजरेषा होत्या! फरशी मी जमिनीवर बसून काढलेल्या छायाचित्रावरून गिरवली होती आणि छत उभ्याने काढलेल्या छायाचित्रावरून, त्यामुळे सावल्या कितीही गडद केल्या असत्या तरी ती ओसरी एक झाली नसती.

मुलाच्या वाढण्याचे कारणही त्याच पट्टीने सापडले. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांना क्षितिजरेषा शरीराच्या एकाच ठिकाणी छेदते. म्हणून पावले त्या रेषेच्या जितकी खाली, तितक्या प्रमाणात पात्राची उंची ठरते. माझा मुलगा पुढे १७० वर उभा असताना ९० पिक्सेल उंच आहे आणि त्याची पावले क्षितिजाच्या ६० पिक्सेल खाली आहेत. मागच्या दाराचा उंबरा १४० वर आहे, म्हणजे अंतर ३०, बरोबर निम्मे; तेथे त्याची उंचीही निम्मी, ४५ हवी. मी तेथे अंदाजाने ७० टक्के घातले होते. त्यामुळे उंबऱ्याशी तो ६३ पिक्सेलचा होत होता आणि दाराची चौकट होती ६२ पिक्सेलची. या प्रणालीत चालण्याच्या जागेच्या वरच्या आणि खालच्या टोकाला पात्राच्या आकाराचे टक्के द्यावे लागतात आणि मधले ती स्वतः समप्रमाणात काढते, म्हणून हे दोन आकडे मोजूनच भरावेत.

छत नव्याने काढायला नऊ दिवस लागले. त्यानंतर मुलगा पहिल्यांदा दारातून आत गेला, तेव्हा मला झालेला आनंद अख्खा खेळ पूर्ण झाल्यावरही होईल की नाही, कोण जाणे.

मत विचारताना आता मी ‘हे दार किती फूट उंच वाटते?’ किंवा ‘या खोलीत उचलण्यासारखे काय दिसते?’ असे विचारतो. दुसऱ्या प्रश्नाला कोणीच ‘किल्ली’ म्हणेना, तेव्हा चित्र कृष्णधवल करून पाहिले. पितळी किल्ली आणि मातकट कोनाडा एकाच करड्या छटेचे निघाले. कोनाडा आतून काळसर केल्यावर किल्ली उठून दिसू लागली. खरे तर रंग भरण्याआधीच हे पाहायला हवे होते. चित्र आरशातल्यासारखे उलटे करून पाहण्याचाही फार उपयोग होतो, माझे तीन खांब डावीकडे कलले आहेत हे मला तसेच कळले. मुलगा खांबामागे जाऊनही खांबापुढे दिसत असेल, तर त्या खांबाची आधाररेषा, म्हणजे पात्राची पावले जिच्या वर असली की ते खांबामागे दडते ती रेषा, खांबाच्या बुडाशी, जोत्याच्या दगडावर आणावी. पात्राचे पाय घसरत असतील, तर टेकलेले पाऊल चालण्याच्या हालचालीच्या प्रत्येक चित्रात जितके पिक्सेल मागे सरकते, तितकाच चालण्याचा वेग ठेवावा.

सध्या माजघराचे चित्र चालू आहे. त्याची सगळी छायाचित्रे एकाच जागी, एकाच स्टुलावर बसून काढली आहेत, आणि कागदावर पहिली रेषा क्षितिजाची ओढून तिच्या कडेला ९५ हा आकडा लिहिला आहे.