शवासन आणि पोई

सकाळी साडेसहाला खाली पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजतो, तेव्हा मी नेमकी शवासनात असते. मोबाईलमधला आवाज सांगत असतो, शरीर सैल सोडा. मी सोडतेही. पण पों-पों ऐकलं की मन दोन जिने उतरून टोपलीत डोकावून येतं. कोंड्याच्या पोई संपल्या असतील, आता उंडे पावच उरले असतील... एवढी खादाड प्रेतं गोव्यात, आमच्या फोंड्यातच निघत असावीत.

तरी मी उठत नाही. कारण समोरच्या काकी उतरलेल्या असतात. सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरतात, कठडा धरून एकेक पायरी. दोन घरांचा पाव घेतात आणि माझी पिशवी दाराच्या कडीला अडकवून जातात. बेल वाजवत नाहीत; माझी समाधी मोडेल म्हणून. जिन्यात गाठ पडली की विचारतात, ‘जालो मगो योग?’ त्यात टोमणा नसतो, हेच जास्त लागतं. कारण माझं शवासन गेलं वर्षभर त्यांच्या गुडघ्यांवर टेकलेलं आहे.

पतंजलींनी योगसूत्रांत आसनांवर मोजून तीन सूत्रं खर्च केली, दुसऱ्या पादातली, म्हणजे प्रकरणातली, 46 ते 48. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या पादातल्या 33व्या सूत्रात, चित्त प्रसन्न कशाने होतं ते सांगून टाकलंय: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, भलं करणाऱ्याला पाहून मुदिता, म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा. उपेक्षा मला बरी जमते, नको तिथेसुद्धा. मुदितेचं मात्र कठीण. वर्गात पश्चिमोत्तानासन करताना शेजारणीचं कपाळ गुडघ्याला टेकलं, की माझी मुदिता तिथेच आखडते. काकींना हे सूत्र ठाऊक असण्याची शक्यता कमी. त्यांचा सकाळचा ग्रंथ म्हणजे पंचांग आणि मासळीचा भाव.

गेल्या आठवड्यात काकी लेकीकडे म्हापशाला गेल्या. घरी काका एकटे. भोंपू वाजला. मी डोळे मिटून पडून राहिले, मग एक डोळा उघडला, मग उठलेच. बाहेर आषाढाचा पाऊस. छत्री मानेत धरून चार पोई घेतल्या. अजून गरम होत्या, कोंडा बोटांना चिकटला. दोन पोई काकांच्या कडीला अडकवल्या. बेलकडे गेलेला हात मागे घेतला. घरात आले तर मोबाईल म्हणत होता, हळूच डाव्या कुशीवर वळा.

संध्याकाळी काका जिन्यात भेटले. ‘पोई कुणी ठेवल्या कोण जाणे,’ म्हणाले. जिभेवर आलेलं गिळलं. फार बरं वाटलं, अगदी गीतेतल्या निष्काम कर्माला हात लागल्यासारखं.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलंच. दोनदा.