४५ मिनिटांची तिजोरी

गर्भश्रीमंत संशयिताचं घर, आई नसलेलं लेकरू आणि नॅनी बनून आलेली गुप्तहेर. या थाटाच्या रोमँटिक थरारकथेत एक प्रसंग हमखास येतो. बाळ झोपतं, नायिका दिवा मंद करते आणि पुढच्याच वाक्यात ती अभ्यासिकेतल्या तिजोरीसमोर उभी असते. ज्याने कधी तान्हं मूल झोपवलंय, त्या वाचकाच्या कपाळाला इथेच आठी पडते. बाळ झोपलं म्हणजे नेमकं काय झालं? खाली ठेवलं, की अजून खांद्यावरच आहे?

झोपलेलं बाळ खाली ठेवणं हे कुलूप उघडण्याइतकंच नाजूक काम. आधी त्याचा हात अलगद उचलून सोडून बघायचा. ओल्या फडक्यासारखा पडला तर पुढे जायचं, बोटं आखडली तर अजून दहा मिनिटं फेऱ्या. मग वाकायचं, बाळ शेवटपर्यंत छातीशी धरून. आधी पाय टेकवायचे, मग बूड, मग पाठ आणि सगळ्यात शेवटी डोकं. डोकं आधी गेलं की पडल्याचा भास होतो आणि चार-पाच महिन्यांच्या आतलं बाळ दोन्ही हात फेकून दचकतं. दचकलं की जागं, आणि जागं झालं की तिजोरी उद्यावर. बाळाला उताणंच ठेवायचं, शेजारी उशी नाही, दुलई नाही, मऊ खेळणं नाही. मानेखालचा आपला हात घाईने ओढायचा नाही. तो एकेक बोट करत सोडवून घ्यायचा.

एवढं झाल्यावर नायिकेच्या हाती वेळ किती? तान्ह्यांच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ४५-५० मिनिटांचं असतं. त्या टोकाला बाळ अर्धवट जागं होतं. नशीब असेल तर कूस बदलून पुन्हा झोपतं, नसेल तर भोकाड. त्यातली पहिली दहा मिनिटं झोप पक्की होण्यात गेली, शेवटची पाच खोलीत परत येऊन श्वास सारखा करण्यात. राहिला अर्धा तास. बऱ्याच डिजिटल तिजोऱ्या लागोपाठ काही वेळा आकडे चुकले की काही मिनिटांसाठी स्वतःहून बंद पडतात. म्हणजे अंदाज चुकत गेले की काम संपलं. बाँबवरच्या लाल आकड्यांची अशा कादंबरीला खरंच गरज नसते, पाळण्यातलं घड्याळ पुरतं.

त्यात बेबी मॉनिटरची गंमत लेखकांच्या लक्षातच येत नाही. घरात माइक कसा लपवायचा यावर पानंच्या पानं खर्ची पडतात आणि इकडे घरमालकाने स्वतःच पैसे मोजून एक माइक आणून लावलेला असतो. बाळाच्या खोलीत कोणी कुजबुजलं की ते स्वयंपाकघरातल्या रिसीव्हरवर ऐकू येतं. नायिकेला त्याचा फायदा, तसाच तोटाही. तिने खांद्यावरच्या बाळाला थोपटता थोपटता फोनवर वरिष्ठांना दोन शब्द सांगितले, तर तेही खाली पोचले. तिजोरीपाशी रिसीव्हर न्यायचा तर त्याचा आवाज शून्यावर ठेवून दिव्यांच्या पट्टीकडे बघायचं. आवाज वाढेल तसे बऱ्याच रिसीव्हरवर एकेक दिवे चढतात. काळोखात हिरवा, हिरवा, पिवळा. याहून चांगला थरार विकत मिळत नाही.

बाळाचं वय ठरवणं हा मात्र कथानकातला सगळ्यात मोठा निर्णय, आणि तोच बहुधा निष्काळजीपणे घेतलेला असतो. चार महिन्यांचं बाळ कुणाकडेही जातं, चहाडी करत नाही, पण दर तीन-चार तासांनी दूध मागतं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ परक्या माणसाला बघून ओठ काढतं. पहिल्याच दिवशी ते नायिकेच्या कडेवर खुदकन हसलं, तर लेखकाला एकही बाळ ठाऊक नाही असं खुशाल समजावं. शिवाय या वयाचा हात पहिल्यांदा जातो तो चकाकणाऱ्या वस्तूकडे. कानातलं यंत्र तर पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या मुठीत आणि सहाव्या मिनिटाला तोंडात.

इथे जरा थांबायला हवं, कारण खेळण्यातल्या अस्वलाच्या पोटात माइक शिवणाऱ्या नायिका फार झाल्या. अशा यंत्रात बहुधा बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतलं मांस भाजून निघू शकतं. सुरुवातीला दिसते ती नुसती लाळ, नाहीतर खाण्याचा कंटाळा. ज्या नायिकेला बाळाचा खरोखर जीव लागलाय, ती माइक कपाटाच्या मागे लावेल. आणि लावलाच खेळण्यात, तर बॅटरीचं झाकण स्क्रूने घट्ट बसवेल आणि रोज रात्री तो स्क्रू चाचपून बघेल. या एका सवयीतून तिची माया जितकी कळते, तितकी तीन परिच्छेदांच्या अश्रूंतून कळत नाही.

तीन वर्षांचं मूल तर चालता-बोलता साक्षीदार. ‘हे आपलं गुपित हं’ असं त्याला सांगितलं, की जेवणाच्या टेबलावर पहिलं वाक्य तेच. चार-साडेचारच्या पुढे कुठे त्याला कळू लागतं की आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नसू शकतं. गुपित ठेवायला आणि थाप मारायला हीच समज लागते. म्हणून पाच वर्षांची पोर नायिकेची सहकारी होऊ शकते, तीन वर्षांची कधीच नाही.

वेषांतर उघडं पडतं ते बंदुकीने नव्हे, बाटलीने. घरातल्या जुन्या मदतनीस बाईंना पिस्तुलातलं काही कळत नसेल, पण दूध कोण कसं बनवतं ते त्या दारातून बघत असतात. पाणी उकळून, फार तर अर्धा तास निवू देऊन, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जायच्या आत, बाटलीत आधी मोजून घ्यायचं. पावडर त्यानंतर. बऱ्याच डब्यांवर ३० मिलीलीटरला एक सपाट चमचा असं माप असतं, शिगोशीग नाही. पावडर पूर्ण निर्जंतुक नसते, तिच्यातले जंतू त्या गरम पाण्याने मरतात, म्हणून एवढा खटाटोप. मग बाटली नळाखाली धरून गार करायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकून बघायचं. कोमट लागले की झालं. नायिकेने पावडर आधी ओतली, उरलेलं दूध पुन्हा गरम केलं, किंवा दहा महिन्यांच्या बाळाला कौतुकाने मध चाटवला, की बाईंची भुवई वर जायलाच हवी. एक वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, त्यात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. हे शिकलेल्या नॅनीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

उलटा प्रवास मात्र पटण्यासारखा आहे. हेराला नॅनी करण्यापेक्षा नॅनीलाच हेर करावं. इंग्लंडमध्ये १८९२ साली सुरू झालेल्या नॉरलँड कॉलेजात तपकिरी गणवेशातल्या नॅनींना बाळंतविड्यापासून बालमानसशास्त्रापर्यंत सगळं शिकवतातच, पण स्वसंरक्षण आणि निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे धडेही देतात. अशा बाईला तिजोरीचं कुलूप शिकवायला महिना पुरेल. कमांडोला बाळाचा ढेकर काढायला शिकवायचं तर दोन.

आता प्रेम. इथे कादंबरीकार सगळ्यात जास्त घसरतो. नायक म्हणजे बाळाचा बाप, तोच संशयित, आणि नायिका खोट्या नावाने त्याच्या मिठीत. वाचायला गोड, पण हाच प्रकार खऱ्या जगात घडला तेव्हा फार कडू निघाला. ब्रिटनमध्ये १९६८ साली स्थापन झालेल्या एका गुप्त पोलीस पथकातल्या काही जणांनी चळवळीतल्या स्त्रियांशी वर्षानुवर्षं संबंध ठेवले होते. त्या पथकातल्या अनेकांनी तर मेलेल्या मुलांची नावं स्वतःची म्हणून वापरली होती. २०१५ मध्ये लंडनच्या महानगर पोलिसांना अशा फसवलेल्या सात स्त्रियांची जाहीर माफी मागावी लागली. हे ठाऊक असलेल्या लेखिकेला पहिलं चुंबन इतक्या सहज लिहिता येत नाही. ती नायिकेकडून आधी खरं बोलवून घेते, पकडली जाण्यापूर्वी. नायिकेने आपणहून सांगितलं तर वाचक वीस पानांत माफ करतो. नायकाला तिचा पासपोर्ट सापडला तर शंभर पानं रडूनही ते जमत नाही.

जाणत्या हेरांची एक जुनी युक्ती इथे कामी येते. बनावट ओळखीतही पहिलं नाव शक्यतो खरंच ठेवायचं, म्हणजे मागून कोणी हाक मारली तर मान आपोआप वळते. प्रेमकथेलाही ते सोयीचं, निदान हाक तरी खोटी नव्हती.

ज्या लेखिकेने ही सोय केली नाही, तिला शेवटच्या प्रकरणात वेगळाच पेच पडतो. खलनायक तुरुंगात, बापाने माफ केलंय, नायिका आता राहायलाच आलीय. बाप दोन दिवस अडखळत नवं नाव शिकतो. तीन वर्षांचं पोर मात्र तिच्याकडे बघतं, मान हलवतं आणि जुन्याच नावाने पाणी मागतं. ती पेला भरून आणते.