हवा कुठे मुरते

आमच्याकडे १९९४ सालची स्वीडिश व्होल्वो ९४० टर्बो आहे. स्टेशन वॅगन, म्हणजे छत थेट मागच्या दारापर्यंत गेलेली लांब गाडी. न्यू जर्सीतल्या आमच्या गल्लीत बहुतेक दारांपुढे टोयोटा नाहीतर टेस्ला उभी असते. त्यांच्यामध्ये ही लांबलचक चौकोनी पेटी दिसली, की पुण्याहून आलेले पाहुणे बॅगा खाली ठेवायच्या आधी विचारतात, "ही ॲम्ब्युलन्स कुणाची रे?"

त्यांचाही दोष नाही. टाटांनी खुद्द पुण्यात १९९२ साली एस्टेट नावाची अशीच वॅगन काढली, पुढे २००४ साली इंडिगो मरिना काढली. पण मागे डिकीचा उंचवटा नसलेली गाडी आपल्या लोकांना मालवाहूच वाटत आली. चार माणसं ऐसपैस बसावीत, मागे आठवड्याचा किराणा आणि कुत्रा मावावा आणि तरी हायवेवर गाडी सणसणीत पळावी, हे स्वीडनच्या लोकांना जसं पटलं तसं आपल्याला कधी पटलं नाही.

सणसणीत पळण्याचं श्रेय टर्बोचं. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. तो एका पंख्यावर सोडायचा. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने याचं पेटंट १९०५ सालीच घेतलं होतं. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तो पेलून धरतो ऑइलचा पातळसा थर. म्हणून घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करायचं नाही, मिनिटभर चालू ठेवायचं. नाहीतर लालबुंद तापलेल्या टर्बोत ऑइल जागच्या जागी जळून त्याचा कोळसा होतो. माझ्या मुलीला हे इतकं पाठ आहे, की गराजपाशी पोचल्यावर मी किल्लीकडे हात नेला तर ती मागून "बाबा, थांब!" म्हणून ओरडते.

इंजिन मात्र अगदी साधं. २.३ लिटर, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक. तो लाल रंगवलेला असतो म्हणून या गाड्यांच्या वेड्या मंडळींत त्याला 'रेडब्लॉक' म्हणतात. टायमिंग बेल्ट तुटला तर गाडी रस्त्यात उभी राहते, पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचा चुराडा होत नाही. असं इंजिन सहजासहजी मरत नाही. मरतात ते आजूबाजूचे रबर, प्लॅस्टिक आणि वायरी.

आता ही गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच तिची ताकद वाढवायची असते. तसा तो सोपा उद्योग आहे. टर्बोकडे जाणाऱ्या बारीक नळीत एक पितळी व्हॉल्व्ह बसवायचा, त्याचा स्क्रू पिळला की दाब वाढतो. कंपनीने दिलेली ताकद १६० अश्वशक्तीच्या आसपास. एवढ्याशा स्क्रूने ती चांगलीच वर जाते. मोह न होणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

पण माझं स्पष्ट मत आहे, की त्या स्क्रूला हात लावण्याआधी एक रबरी हातमोजा आणावा. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि त्या तोंडावर मोजा ओढून बसवायचा. मोजा आत ओढला गेला तर ठीक. आमच्या गाडीत तो हळूहळू फुगला, पाचही बोटं ताठ उभी राहिली आणि डुलायला लागली. म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर पडायची वाट चोंदलेली. सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डखाली एक काळी प्लॅस्टिकची डबी असते, तिच्यात वर्षानुवर्षांचं जळकं ऑइल डांबरासारखं घट्ट बसलं होतं. अशा वेळी आतला दाब कमकुवत जागा शोधतो आणि सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. लोक सील बदलत बसतात, ते पुन्हा गळतं, मग म्हणतात जुनी गाडी म्हणजे कटकट.

दुसरी गोष्ट इंटरकूलरच्या, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या, रबरी होजची. वरून पाहिलं तर धडधाकट. खालच्या अंगाला बोट फिरवलं तर तेलकट, आणि दोन्ही हातांनी पिळल्यावर एक चीर उघडली, नखभर लांब. उभ्या गाडीत ती मिटलेली राहायची. दाब आला की फाकायची आणि कोंबलेली हवा फुस्स करून निघून जायची. होज बदलला, चिरलेल्या व्हॅक्यूम नळ्या बदलल्या, डबी नवी बसवली आणि हायवेच्या चढावर पाय दिला तर डॅशबोर्डवरच्या टर्बोच्या काट्याने असा काही उठाव घेतला, की पितळी व्हॉल्व्ह कशाला मागवला होता तेच आठवेना. तो अजून पाकिटात आहे. मध्यंतरी पैसे खर्च केले ते ब्रेक, शॉक ॲब्झॉर्बर आणि सस्पेन्शनच्या बुशांवर. वळणावर गाडी होडीसारखी कलायची ते थांबलं. आता गाडीचं कलणं आणखी कमी करणारा जाड अँटी-रोल बार घ्यायचा विचार आहे. त्याला मी मोह म्हणत नाही, गरज म्हणतो. बायको काय म्हणते ते सोडा.

तिला ताकदीशी देणंघेणं नाही. ती आमच्या ढोल पथकात आहे आणि भाद्रपद जवळ आला की वॅगनचा खरा मालक पथकच असतं. मागची सीट पाडली की सपाट जमीन मिळते, ढोल आडवे रचले जातात, ताशे सांदीकोपऱ्यात. अडचण एकच होती. मागच्या दाराचे गॅस स्ट्रट मेलेले. दार वर ठरेना, म्हणून गेल्या गणपतीत ते भगव्या ध्वजाच्या काठीने टेकवलं होतं. दार एकाच्या डोक्यावर आदळल्यावर मात्र नवे स्ट्रट मागवले. तिने दार धरलं, मी जुन्यांच्या क्लिपा काढल्या, नवे खटकन बसले. हात सोडल्यावर दार आपणहून वर गेलं आणि तिथेच राहिलं.

"अरे, हे आधी का नाही केलंस?" ती म्हणाली. "एवढी वर्षं खाली लोळून काय करत होतास मग?"

छताचं कापड सुटून लोंबायला लागलंय, तेही तिने तेव्हाच दाखवलं.