३०० च्या लाइनवर ९४: नव्या पीसीचं मंद नेट दुरुस्त करताना

पीसी नवीन जोडला, विंडोज ११ टाकलं, ड्रायव्हर बसवले. बाकी सगळं सुसाट, फक्त नेट रखडत होतं. लाइन ३०० एमबीपीएसची (मेगाबिट प्रतिसेकंद). त्याच घरात, त्याच राउटरवर लॅपटॉपला २९० च्या आसपास मिळत होते आणि नव्या मशीनला वायफायवर जेमतेम १८. शोध घेतला तेव्हा एकामागे एक दडलेले तीन वेगळे दोष निघाले. पहिला काढल्याशिवाय दुसरा दिसत नव्हता. ते ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने लिहितोय, कारण या कामात क्रम चुकला की तासन् तास वाया जातात.

सुरुवात एककापासून, कारण निम्मी तक्रार तिथेच मिटते. लाइनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, ब्राउझर मात्र डाउनलोड मेगाबाइटमध्ये दाखवतो. एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणून ३०० एमबीपीएसच्या लाइनवर जास्तीत जास्त साडेसदतीस मेगाबाइट प्रतिसेकंद. खाली ३४-३५ दिसत असतील तर लाइन पूर्ण वेगाने चालू आहे.

दुसरं म्हणजे, ताज्या विंडोजवर पहिला दिवस मोजमाप करूच नये. अपडेट, ड्रायव्हर, स्टोअरमधली ॲप, क्लाउडवरचे फोटो असं सगळं एकदम मागच्या मागे उतरत असतं. रिसोर्स मॉनिटर उघडून नेटवर्कच्या टॅबमध्ये कोण किती खातंय ते पाहिलं, अपडेट संपू दिले, मशीन रीस्टार्ट केलं आणि मगच मोजायला बसलो. मोजताना व्हीपीएन (डेटा दुसऱ्या सर्व्हरवरून फिरवून नेणारी सोय) बंद. आणि केबल व वायफाय दोन्ही एकदम चालू ठेवायचे नाहीत. विंडोज दोघांपैकी कोणता रस्ता धरेल ते त्यांच्या लिंक स्पीडवरून (राउटरशी जुळलेल्या जोडणीच्या वेगावरून) ठरवतं, त्यामुळे आपण केबल तपासतोय असं वाटत असताना डेटा वायफायने जात असू शकतो.

मग पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते मोजणं. आयपीकॉन्फिग ही कमांड दिली की 'डीफॉल्ट गेटवे'समोर राउटरचा पत्ता दिसतो. त्या पत्त्याला ५० पिंग पाठवले. केबलवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत यायला हवं, चांगल्या वायफायवर दोन ते पाच मिलिसेकंदांत, आणि ५० पैकी ५० परत यायला हवेत. माझ्याकडे सहा हरवले होते आणि उरलेल्यांचा वेळ ८ पासून २४० पर्यंत उड्या मारत होता. म्हणजे गोंधळ पीसी आणि राउटर यांच्या मधल्या काही फुटांत होता. नेट कंपनीला फोन करायचं कारणच उरलं नाही. ही एक चाचणी मी सगळ्यात आधी करतो, कारण शोधायचं क्षेत्र तिथेच निम्मं होतं.

नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस ही कमांड वायफायची कुंडली मांडते. सिग्नल ३४ टक्के, चॅनल ६, रिसीव्ह रेट (राउटरकडून डेटा घेण्याचा लिंकचा वेग) २६ एमबीपीएस. मदरबोर्डच्या मागे सोनेरी आट्यांचे दोन खुंट असतात. बोर्डाच्या खोक्यात आलेल्या अँटेना त्यांवर लावायच्या राहून गेल्या होत्या. नव्या पीसीत ही चूक सर्रास होते, कारण अँटेना नसली तरी वायफाय चालल्यासारखं दिसतं. राउटर जवळ असेल तर नेटवर्कचं नाव येतं, पासवर्ड घेतला जातो, पानंही उघडतात. पण रेडिओ उघड्या खुंटावर आणि पत्र्याच्या कॅबिनेटच्या आडोशाला कसाबसा तग धरून असतो.

अँटेना लावताना दांडी फिरवू नये, खालची चकती बोटांनी फिरवावी आणि हातानेच आवळावी, पक्कड नको. दोन्ही लावाव्यात. एकच लावली तर डेटाच्या दोन समांतर धारांपैकी एक लंगडी पडते आणि रेट साधारण निम्म्यावर येतो. वायर असलेली अँटेना कॅबिनेटमागे भिंतीशी कोंबू नका, टेबलावर ठेवा. आणि अँटेना असूनही सिग्नल मरतुकडा असेल तर कार्डावरून खुंटापर्यंत आलेल्या बारीक वायरची टोपी आतून निसटलेली असू शकते. ती मोहरीएवढी असते, सरळ वरून दाबली की टक्कन बसते. तिरपी दाबली तर चेपते.

अँटेना लागल्यावर सिग्नल ८८ टक्के झाला, पण चॅनल ६ च राहिला, म्हणजे मशीन २.४ गिगाहर्ट्झवरच अडकलेलं. राउटर दोन्ही बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे रेडिओपट्टे) एकाच नावाने सोडत होता. डिव्हाइस मॅनेजर, वायफाय कार्ड, ॲडव्हान्स्ड आणि त्यातलं 'प्रिफर्ड बँड' ५ गिगाहर्ट्झवर टाकलं. भिंतीपलीकडच्या राउटरवरून रेट ३९० आणि प्रत्यक्ष वेग २२० च्या घरात आला. रेटच्या निम्मा ते दोन तृतीयांश वेग हातात पडतो, त्यामुळे हा आकडा योग्यच. कोणाला २.४ वरच राहावं लागत असेल तर एक ध्यानात ठेवावं: यूएसबी ३ चे पोर्ट आणि वायर नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. यूएसबी वायफाय डोंगल मागच्या पोर्टात हार्ड डिस्कच्या वायरीला खेटून असेल तर छोट्या एक्स्टेन्शन वायरने ते लांब काढावं.

मला टेबलावर केबलच हवी होती. केबल लावली, वायफाय बंद केलं, वेग मोजला. ९४.

हा आकडा मला फार बोलका वाटतो. ८०, ११० किंवा १३० असं काही आलं असतं तर कारणं दहा असती. ९४-९५ वर वेग रुळासारखा सरळ थांबला, तर लिंक १०० एमबीपीएसवर जुळली आहे हे जवळपास नक्की, कारण डेटाच्या तुकड्यांसोबत (पॅकेट) जाणाऱ्या पत्त्यासारख्या माहितीचा वरचा खर्च वजा जाता १०० च्या लिंकवर तेवढंच हाती उरतं. पॉवरशेलमध्ये गेट-नेटअडॅप्टर टाकलं तर लिंक स्पीडच्या रकान्यात १०० एमबीपीएस हेच होतं.

केबलच्या आत वायरींच्या चार जोड्या असतात. १०० च्या लिंकला दोनच लागतात: पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला (१ जीबीपीएस, म्हणजे १००० एमबीपीएस) चारही हव्यात. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक वायर जरी नीट टेकत नसेल तरी नेट बंद पडत नाही, फक्त १०० वर उतरतं. हे घडताना डोळ्यांनी दिसतंही. केबल खोचल्यावर पोर्टाचा दिवा लागतो, विझतो आणि काही सेकंदांनी पुन्हा लागतो. दोन्ही बाजू पहिल्या दोन जोड्यांवरून गिगाबिट ठरवतात, चार जोड्यांवर ते जमत नाही, आणि एक-दोन प्रयत्नांनंतर १०० वर तडजोड करतात. माझ्या पोर्टावर दर वेळी अगदी असंच होत होतं.

संशय आधी केबलवर जातो, जायलाही हवा. पण तीच केबल, राउटरचं तेच पोर्ट, दुसरं टोक लॅपटॉपला लावलं तर लिंक १ जीबीपीएस. केबल सुटली, राउटर सुटला. तुमच्याकडे लॅपटॉपवरही १०० च येत असेल तर केबल बदला किंवा प्लग नव्याने क्रिंप करा, म्हणजे वायरी नव्या प्लगमध्ये दाबून बसवा. क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. साधी कॅट ५ई पुरते, घरातल्या अंतराला महागडी केबल घेऊन वेग वाढत नाही. मात्र तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल टाळावी, तिची वायर प्लगमध्ये लवकर तुटते.

आता पीसीत दोन शक्यता उरल्या, विंडोज किंवा हार्डवेअर. कार्डाच्या सेटिंगमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स' ऑटोवरच होतं. तिथे जबरदस्तीने १ जीबीपीएस निवडायचा सल्ला बरेच जण देतात. तो उपाय नव्हे. तांब्याच्या केबलवर गिगाबिटला आपसातली वाटाघाट सक्तीची असते, आणि वायर टेकत नसेल तर लिंक अजिबातच येत नाही. वीजबचतीची 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' बंद करून पाहिली, फरक शून्य. मदरबोर्ड कंपनीच्या पानावरून नवा लॅन ड्रायव्हर टाकला, तरी १००. मग वादच मिटवला: पेनड्राइव्हवर लिनक्सची लाइव्ह प्रत घेऊन, काहीही इन्स्टॉल न करता त्यावर मशीन चालू केलं आणि इथटूल या लिनक्सच्या कमांडने लिंक विचारली. तिथेही १००. दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, दुसरा ड्रायव्हर, तोच आकडा. म्हणजे दोष हाताला लागेल असाच असणार.

केबल काढली आणि पोर्टात टॉर्च मारला. आत आठ बारीक सोनेरी तारा समांतर दिसायला हव्यात. कडेच्या दोघींच्या पुढ्यात पत्र्याची एक जिभली वळून आली होती. बोर्डाच्या पोर्टांभोवती कॅबिनेटला जी पातळ आय/ओ शील्ड बसवतात, तिच्या आतल्या बाजूला अशा स्प्रिंगसारख्या जिभल्या असतात. त्या पोर्टाच्या धातूच्या कवचावर बाहेरून टेकायच्या असतात. बोर्ड आत सरकवताना एखादी कवचाऐवजी पोर्टाच्या तोंडात शिरते. प्लग बसतो, टक्क आवाजही येतो, पण तो केसभर तिरपा राहतो आणि कडेची ७-८ नंबरची जोडी, म्हणजे तपकिरी, पुरती टेकत नाही.

ती जिभली पोर्टात स्क्रूड्रायव्हर घालून मागे ढकलायचा मोह होतो. तसं अजिबात करू नका. त्या तारांपैकी एक वाकली तर पोर्टच गेलं. मशीन बंद केलं, पॉवर सप्लायचं बटण पाडलं, वायर काढल्या, ग्राफिक्स कार्ड आधी उतरवलं, बोर्डाचे स्क्रू काढले (एटीएक्स बोर्डाला बहुधा नऊ) आणि बोर्ड बोटभर मागे घेतला. जिभली बोटाने बाहेरच्या बाजूला सपाट वळवली. बोर्ड पुन्हा सरकवताना मागून टॉर्च धरून प्रत्येक पोर्ट पाहिलं, कारण यूएसबीच्या तोंडातही हेच होतं. शील्ड बोर्डालाच पक्की जोडून येत असेल तर हा प्रश्न येत नाही.

केबल खोचली. दिवा एकदाच लागला आणि लागलेलाच राहिला. लिंक १ जीबीपीएस, वेग २९१. माझ्या बोर्डाचं पोर्ट २.५ जीबीपीएसचं आहे, पण राउटरचं १ चं, म्हणून १ दिसणं बरोबरच. खात्रीसाठी लॅपटॉपवर आयपर्फ३ (दोन मशीनमधला वेग मोजणारं साधन) सर्व्हर म्हणून चालवून पीसीवरून ३० सेकंद मोजलं: दोन्ही दिशांना ९४० च्या आसपास. घरातला रस्ता पूर्ण मोकळा.

तरीही मोठी फाइल ब्राउझरमधून ३.२ मेगाबाइटनेच उतरत होती, म्हणजे साधारण २६ एमबीपीएस. तीच फाइल लॅपटॉपवर ३४ मेगाबाइटने. याच पीसीवर लाइव्ह लिनक्समधूनही ३४. या वेळी त्याच पेनड्राइव्हने उलट निकाल दिला: हार्डवेअर ठीक, दोष विंडोजमध्ये.

वेगचाचणी २९१ दाखवते आणि फाइल २६ ने येते, यातच उत्तर होतं. चाचणीची साइट एकदम बरीच कनेक्शनं उघडते, ब्राउझरची फाइल सहसा एकाच कनेक्शनवरून येते. अडचण दर कनेक्शनमागे असेल तर चाचणीत ती झाकली जाते. नेटश इंट टीसीपी शो ग्लोबल दिलं. 'रिसीव्ह विंडो ऑटो-ट्यूनिंग लेव्हल'समोर लिहिलं होतं: डिसेबल्ड.

डेटा मिळाल्याची पोच येण्याआधी समोरचा किती डेटा पाठवू शकतो ती मर्यादा म्हणजे ही विंडो. ऑटो-ट्यूनिंग बंद असलं की ती ६५,५३५ बाइटच्या पुढे वाढत नाही. सर्व्हरचा पिंग २० मिलिसेकंद असेल तर सेकंदात ५० फेऱ्या, प्रत्येकीत ६५,५३५ बाइट: सव्वासव्वीस एमबीपीएस. माझा आकडा तंतोतंत हाच होता. १२० मिलिसेकंदांवरच्या सर्व्हरला तर ४.४ च उरतात, मग लाइन कितीही मोठी घ्या. विंडोज हे सेटिंग मुळात 'नॉर्मल'वर ठेवतं. विंडोज टाकल्यावर चालवलेल्या 'स्पीड वाढवणाऱ्या' स्क्रिप्टने ते बदललं होतं. अशा स्क्रिप्टमधले सल्ले फार जुन्या विंडोजच्या काळातले असतात आणि आज ते नुकसानच करतात. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून नेटश इंट टीसीपी सेट ग्लोबल ऑटोट्यूनिंगलेव्हल=नॉर्मल दिलं, डाउनलोड नव्याने सुरू केलं आणि वेग ३४ वर गेला.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून पाहायचं बरेच जण सुचवतात. त्याने पान उघडायला लागणारा पहिला क्षण कमी होऊ शकतो, पण फाइलचा वेग सहसा तोच राहतो. विंडोज २० टक्के बँडविड्थ राखून ठेवतं हीदेखील गैरसमजूत आहे, ती मागणारं कोणी नसेल तर सगळी आपल्यालाच मिळते. बोर्डासोबत आलेलं, गेमला प्राधान्य देणारं नेटवर्क सॉफ्टवेअर मात्र खरंच तपासण्यासारखं असतं. त्यात लाइनचा वेग चुकीचा भरला गेला तर ते इमानेइतबारे तेवढ्यावरच रोखून धरतं. मी ते काढून टाकलं.

शेवटी गेम उतरवताना आलेख ३० वर चढून शून्यावर येत होता, पुन्हा चढत होता. टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्क रिकामं आणि जुनी हार्ड डिस्क १०० टक्के, म्हणजे डिस्कचं लिहिणंच मागे पडत होतं. गेमची लायब्ररी वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर हलवली आणि आलेख सपाट झाला.