बेळगाव ते अमेरिका, दत्तक बाळासह

कोल्हापूरकडून हायवेनं येताना कोगनोळीचा टोलनाका मागं पडला की पाट्यांवरची लिपी बदलते, माणसांची बोली मात्र तीच राहते. निपाणी, संकेश्वर, मग बेळगाव, एकूण साधारण ११० किलोमीटर. दुकानदार मराठीत भाव सांगतो नि बिल कन्नडात देतो. दत्तकाच्या फायलीचंही तसंच. बाळाशी संस्थेतली सांभाळणारी मावशी मराठीत बोलते, नोंदवहीत ते कन्नडात उतरतं आणि दूतावासाला हवं असतं इंग्रजी.

आम्ही दोघं अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डवाले, म्हणजे मूळचे भारतीय. बाळ बेळगाव जिल्ह्यातल्या एका संस्थेतलं. आमच्याबद्दल एवढं पुरे. वाट कशी आहे आणि पाय कुठं घसरतो, ते सांगतो.

परदेशी राहणाऱ्याला थेट बेळगावच्या संस्थेत जाऊन ‘आम्हाला मूल हवंय’ म्हणता येत नाही. दिल्लीच्या कारानं, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणानं मान्य केलेली तिकडची दत्तक एजन्सी गाठायची. ती गृहभेटीचा अहवाल करते आणि काराच्या केअरिंग्ज पोर्टलवर नाव चढवते. वयाची बेरीज आधीच करून बघा. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर चालत नाही, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठसाठी १००. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. बाळाची माहिती आल्यावर राखून ठेवायला ९६ तास मिळतात. त्यात वैद्यकीय अहवाल बालरोगतज्ज्ञाला दाखवायचा असतो, म्हणून डॉक्टर आधीच ठरवून ठेवा. अमेरिका आणि बेळगावच्या घड्याळातच निम्मा दिवस जातो.

आता सगळ्यात मोठा खड्डा. आपल्याकडं भावाचं किंवा बहिणीचं मूल घ्यायची जुनी रीत आहे. सुट्टीत यायचं, भटजी बोलवायचे, चार माणसांसमोर मूल मांडीवर घ्यायचं आणि सब-रजिस्ट्रारकडं दत्तकपत्र नोंदवायचं. इथं राहणाऱ्यांना १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात ते चालून जातं. मूल परदेशी न्यायचं असेल तर नुसतं दत्तकपत्र कामाचं नाही. भारत २००३ पासून देशांमधल्या दत्तकाच्या हेग करारात आहे, अमेरिकाही आहे, त्यामुळं दोन्ही देशांची संमती आधी लागते आणि दत्तक नंतर. अमेरिकेच्या बाजूनं क्रम असा: आधी आय-८००ए हा अर्ज, म्हणजे पालकांची पात्रता, मूल ठरल्यावर त्या मुलासाठीच्या आय-८०० अर्जाची तात्पुरती मंजुरी, मग दूतावासाचं हेग कराराच्या कलम ५ चं पत्र. ते हातात आल्यावर काराचं ना हरकत पत्र. त्याच्या आधी दत्तक उरकलं किंवा कायदेशीर ताबा घेतला, तर व्हिसा अडतो आणि केलेलं निस्तरताना वर्षं जातात. मूल सख्ख्या बहिणीचं असलं तरी हाच क्रम. होम, पेढे, बारसं सगळं करा, पण शेवटी.

ना हरकत पत्रानंतर बाळाला दत्तकपूर्व संगोपनासाठी आपल्याजवळ ठेवता येतं, पण भारतातच. दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्टातून यायचा. १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात, म्हणजे बेळगावकरांच्या तोंडचं ‘डीसी ऑफिस’, चन्नम्मा सर्कलजवळ. अर्ज जिल्हा बालसंरक्षण घटकामार्फत जातो, सुनावणी बंद दालनात होते आणि नियमात दोन महिन्यांची मुदत आहे. पण बेळगावचं कॅलेंडर वेगळं. बहुतेक वर्षी डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधात कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन भरतं. तेव्हा सगळं प्रशासन तिकडं धावतं, लॉजची एक खोली मिळत नाही. १ नोव्हेंबरला एकीकडं राज्योत्सव, दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिन. सीमाप्रश्न तापला की महाराष्ट्राच्या एसट्या निपाणीच्या अलीकडंच थांबतात. कोल्हापूरहून ये-जा करू, असा बेत नोव्हेंबर-डिसेंबरात धरूच नका.

आदेशाचा मसुदा सहीआधी वाचायला मागा. आमच्या मते सगळ्या प्रवासात याहून मोलाचा अर्धा तास नाही. मराठी ‘त’ आपण इंग्रजीत नुसत्या ‘टी’नं लिहितो, कर्नाटकात ‘टी-एच’नं. आपली अदिती, गीता, अद्वैत तिथल्या टायपिस्टच्या हातून सवयीनं ‘एच’ घेऊन उतरतात. त्याची चूक नाही, त्याच्या लेखी तेच बरोबर. शिवाय आपण मधे वडिलांचं नाव घालतो, तिकडं आद्याक्षराची पद्धत. शहराचं नाव २०१४ साली इंग्रजीतही बेळगावी झालं, पण जुन्या दाखल्यांवर बेळगाव राहिलंय. दोन्ही एकच, हे दिल्लीतल्या परदेशी अधिकाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. एका कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत बाळाचं पूर्ण नाव, दोघांची पासपोर्टवरची नावं, जन्मतारीख आणि गाव लिहून आम्ही प्रत्येक टेबलावर तोच कागद पुढं केला. आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट ही एकाच माळेतले मणी. पहिल्यात ‘एच’ शिरला की पुढच्या दोन्हींत जातो आणि मग पुन्हा पहिल्या टेबलापासून.

आदेशानंतर कारा हेग कराराच्या कलम २३ चं प्रमाणपत्र देते, त्याला तीन कामाचे दिवस. जन्मदाखल्यावर आता आईवडील म्हणून तुमची नावं येतात. पासपोर्टसाठी बेळगावच्या हेड पोस्टातच सेवा केंद्र आहे, हुबळीला जायची गरज नाही. चार वर्षांखालच्या बाळाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच न्यायचा. डोळे उघडे आणि मागं कुणाचा हात नाही, असा एक फोटो मिळवायला सकाळ जाते. बाळाचं पोट भरलेलं असताना काढा.

बाळाची म्हणून जी तयारी, ती कागदांच्या गर्दीत राहून जाते. पहिल्या भेटीत आपण वापरलेलं, न धुतलेलं सुती दुपटं संस्थेत ठेवून यावं आणि नेताना त्याच्या पाळण्यातलं मागून घ्यावं. तेही धुवायचं नाही. ओळखीचा वास रात्री कामी येतो. मावशीकडून दिवसाचा क्रम लिहून घ्या: नाचणीचं सत्त्व किती पातळ, मऊ भात किती वाजता, झोपवताना थोपटतात की मांडी हलवतात. पहिले पंधरा दिवस त्यात काही बदलायचं नाही. कुंद्याच्या मिठाईचा डबा नातेवाइकांसाठी घ्या, बाळाला नको. थोडं मोठं मूल असेल तर कन्नड शब्द पाठ करा: नीरु म्हणजे पाणी, हालु दूध, ऊट जेवण, बेड नको, साकु पुरे. ‘बेड’ म्हटल्यावर त्याला झोपायचंय असं समजून अंथरुणावर नेलं, तर रडणं दुप्पट होतं.

अमेरिकेचा दत्तक व्हिसा दिल्लीच्या दूतावासातूनच निघतो. गोवा एक्सप्रेस बेळगावहून गाडी न बदलता दिल्लीला नेते, पण जवळपास दीड दिवस. नव्या बाळासह नकोच. सांबरा विमानतळ गावापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. वैद्यकीय तपासणी दूतावासाच्या यादीतल्या डॉक्टरकडंच करायची असते, दोन वर्षांपुढच्या मुलाची टीबीची रक्ततपासणीही होते. म्हणून दिल्लीत मुक्काम सैल ठेवा आणि परतीचं तिकीट व्हिसा हाती पडल्यावरच काढा.

आयएच-३, म्हणजे दत्तक भारतातच पुरं झाल्यावर मिळणाऱ्या व्हिसावर आलेलं मूल आईवडिलांबरोबर राहायला अमेरिकेत शिरताच तिथलं नागरिक होतं. पुढं दोन वर्षं एजन्सीकडून अहवाल जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहामाही, मिळून सहा. सोबत फोटो लागतात. त्याच फोटोंची एक प्रत आम्ही संस्थेच्या पत्त्यावर टाकतो, मावशीसाठी, मागं मराठीत दोन ओळी लिहून.