आत्याचा सीडी प्लेअर आणि जेल रोडच्या चकरा

आत्याला मोबाईलवर भजन ऐक म्हटलं की म्हणते मधेच कुणाचा तरी फोन येतो, त्यापेक्षा माझा सीडी प्लेअर बरा. तिच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी फोनवर केलेलं, ३१ फायली, जवळजवळ तीन तास. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही म्हणून जेल रोडवरच्या एका दुकानात पेन ड्राइव्ह नेऊन दिला, आणि तिथून डोक्याला ताप सुरू.

पंधरा मिनिटांत एकच सीडी हातात, "सब आ गया भैया." घरी लावली तर प्लेअर थोडा वेळ कुरकुरला आणि नो डिस्क. परत गेलो, त्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरवर लावून दाखवली, "चल तो रही है, आपका प्लेअर खराब है." दुसरी दिली, तीही तशीच. तिसऱ्यांदा गेलो तर काउंटरवर वेगळाच मुलगा, सगळं पहिल्यापासून सांगा. मी म्हणतोय ऑडिओ सीडी पाहिजे, तो म्हणतो ऑडिओ ही तो है, भजन नहीं हैं क्या इसमें? अरे बाबा आहेत, पण एमपीथ्री करून नुसत्या कॉपी केल्यास ना, ती डेटा सीडी झाली, कॉम्प्युटर वाचेल, आत्याचा प्लेअर कसा वाचेल, त्यावर एमपीथ्रीचा शिक्का कुठे आहे! मागे गर्दी, तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा. खरं तर मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं, ऑडिओ सीडीवर ८० मिनिटांच्या वर काही मावत नाही, तीन तास एका सीडीत बसले म्हणजेच घोळ. पाकिटावर ७०० एमबी लिहिलेलं असतं ते बघू नका, मिनिटं मोजा.

शेवटी चुलतभावाचा यूएसबीवाला सीडी रायटर आणला आणि घरीच बसलो. फोनचं रेकॉर्डिंग ४८००० हर्ट्झचं होतं, ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ सीडीला लागतात तशा ४४१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह फायली केल्या (फोनच्या एमफोरए फायली त्यात उघडायला एफएफएमपेग नावाचं सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागतं, त्यात माझी एक संध्याकाळ गेली). एका मिनिटाला १० एमबी होतात, घाबरू नका. मग लॅपटॉपवरच्या विंडोज मीडिया प्लेअरच्या बर्नमध्ये (सीडी लिहायची सोय) डेटा सीडी सोडून ऑडिओ सीडी निवडली, स्पीड कमी ठेवला, तीन सीड्या झाल्या.

हो, आणि कोरी सीडी घेताना सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) घ्या, पुसून परत लिहिता येणारी आरडब्ल्यू बरेच जुने प्लेअर वाचत नाहीत. वर नाव बॉलपेननं लिहू नका, ओरखडा वरून पडला तरी सीडी जाते.

आत्यानं लावली, स्क्रीनवर ०१ आलं आणि झांजा सुरू. दोन मिनिटं ऐकून म्हणते, "अरे, ही तर मी बेसूर गातेय, हे काढता येईल का?"

दुकानातल्या सीड्या गच्चीत टांगल्यात, कबुतरं येत नाहीत.