लेबलवर गावच नव्हतं

खणाचे कपडे करणाऱ्या एका नव्या ब्रँडचं डिझाइन माझ्याकडे आहे. लेबलवरची ओळही मीच लिहिली होती : 'महाराष्ट्राचा वारसा, आजच्या पेहरावात'. आजीच्या चोळ्या, ओटीत पडणारा खण, हेच डोळ्यांसमोर होतं.

खण विणला जातो तो चोळीसाठी. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, तीस इंचांच्या आसपास, दोन्ही कडांना काठ. कुडत्याचा नेहमीचा पॅटर्न त्यावर बसतच नाही. काठ घेराला हवा तर कापड आडवं धरावं लागतं; मग उंची पन्ह्याएवढीच मिळते आणि रथाची नक्षी आडवी पडते. मालकांचा आग्रह 44 इंची, यंत्रमागावरच्या पॉलिस्टरचा. बाजारात आज खण म्हणून बरंचसं तेच विकलं जातं आणि गिऱ्हाईक रंग बघून घेतं, हात लावून बघत नाही. मी हटले नाही. कापड उभंच ठेवलं, पट्टे जोडले, काठाला काठ असा भिडवला की शिवण दिसूच नये. मास्तरांनी तीनदा उसवलं, चौथ्यांदा जमलं. तो कुडता मला अजूनही माझं सगळ्यात चांगलं काम वाटतो.

तोच घेऊन मी गुळेदगुड्डला गेले. कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. आमचा खण तिथल्या खड्डामागावर विणला जातो. विणकर काका पाय खड्ड्यात सोडून बसलेले. त्यांनी कुडता उलटा करून आधी शिवण पाहिली, काठावरून अंगठा फिरवला, मान डोलावली. मग लेबल मुलाकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "नम्म ऊरु?" आमचं गाव?

मला उत्तर देता आलं नाही. आजी चोळी घालायची महाराष्ट्रात, ते खरं. पण तिच्या अंगावरचं कापड इथल्या हातांनी विणलेलं, हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. ऑर्डरच्या कागदावर गावाचं नाव मीच दर वेळी लिहीत होते. लेबलवर मात्र ते सुचलंही नव्हतं. काका रागावले नाहीत. मुलाला चहा सांगितला आणि पुन्हा विणायला लागले.

परतल्यावर मी नवी ओळ दिली : 'विणकाम गुळेदगुड्ड, शिवण महाराष्ट्रात'. मालक म्हणाले, "ताई, लोक मराठी म्हणून घेतात, कर्नाटक लिहिलं तर कोण घेणार?" मला हे पटत नाही. ज्या बाईला काठ ओळखता येतो, तिला गावही कळायला हवं. दोन दिवस वाद चालला. नवी लेबलं दुसऱ्या खेपेपासून लावायची, एवढंच कबूल झालं.

पहिली खेप जुन्याच लेबलांनी गेली. काकांना दाखवलेला कुडता माझ्या कपाटात आहे. त्याचं लेबल मी अजून उसवलेलं नाही.